फक्त विंडोज लॅपटॉप आहे, क्लायंटच्या आयफोनवर साइट चालत नाही. टेस्टिंगसाठी मॅक घ्यावाच लागेल का?

लगेच घेऊ नका, थांबा जरा. तुम्ही लिहिलंय की क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह सगळीकडे साइट चेक केली, सगळीकडे ओके, आणि क्लायंटच्या आयफोन ७ वर नुसतं पांढरं पान, वर तो म्हणतो मी पण क्रोमच वापरतोय. तो खोटं बोलत नाहीये.

तुम्ही तपासलेले चारही ब्राउझर एकाच घरातले आहेत. आत सगळीकडे क्रोमियम (गूगलचा खुला ब्राउझर-कोड), इंजिन म्हणजे कोड वाचून पान दाखवणारा भाग ब्लिंक, एजसुद्धा जानेवारी २०२० पासून त्यातच आलं. म्हणजे चार टेस्ट नाही झाल्या, एकच टेस्ट चारदा झाली. ब्राउझर नका मोजू, इंजिनं मोजा: ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. आणि आयफोनवरचं क्रोम हे नावालाच क्रोम, ॲपलच्या नियमामुळे आत वेबकिटच असतं (युरोपियन युनियनमध्ये आयओएस १७.४ पासून सूट मिळालीय, आपल्याकडे नाही).

आता पांढरं पान. माझा पहिला संशय रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या (मजकुरात नमुना शोधायची भाषा) लुकबिहाइंडवर, म्हणजे 'याच्या आधी अमुक असेल किंवा नसेल तरच' या अटीवर. क्रोममध्ये ते २०१७ पासून चालतंय, सफारीत मात्र १६.४ ला आलं, म्हणजे २०२३ मध्ये. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जातच नाही, आणि सफारी आयओएससोबतच अपडेट होतो, त्यामुळे तो बिचारा तिथेच अडकलाय. यात गंमत अशी की हा एरर कोड चालताना येत नाही, जावास्क्रिप्टची फाइल वाचतानाच येतो, त्यामुळे अख्खी फाइल बाद, एरर पकडणारा तुमचा ट्राय-कॅच पण गेला त्यातच, साइट रिॲक्टवर (पान उभं करणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) असेल तर ते सुरूच होत नाही. बरं, हे तुम्ही स्वतः लिहिलेलं असेलच असंही नाही, बऱ्याचदा कुठल्यातरी लायब्ररीतून येतं आणि बेबल (नवा कोड जुन्या ब्राउझरसाठी बदलणारं टूल) ते बदलून देत नाही. बिल्ड झालेल्या फाइलमध्ये (?<= आणि (?<! सर्च मारून बघा.

सर्चमध्ये काही नाही सापडलं तर पेजवर सगळ्यात आधी एक वेगळा छोटा स्क्रिप्ट टॅग टाका, त्यात विंडोचा ऑनएरर (एरर आला की आपोआप चालणारं फंक्शन) पकडून मेसेज थेट स्क्रीनवर छापा आणि क्लायंटकडून स्क्रीनशॉट मागवा. जुगाड आहे, पण आयफोन केबलने जोडून सफारीच्या इन्स्पेक्टरमध्ये एरर बघायला मॅक लागतो, तो नसेल तर हेच बरं पडतं.

रोजच्या कामाला प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायचं टूल) इन्स्टॉल करा, फुकट आहे, त्यातलं वेबकिट विंडोजवर पण चालतं. तो खरा सफारी नाही पण लेआउटची बरीचशी गडबड तिथेच दिसते. फक्त ते वेबकिट नवं असतं, म्हणून आयफोन ७ सारखा जुन्या व्हर्जनचा घोळ त्यात दिसणार नाही. त्याला खरा फोन हवा, मित्राचा जुना मागा नाहीतर ब्राउझरस्टॅकवर, म्हणजे खरे फोन इंटरनेटवरून वापरू देणाऱ्या सेवेवर, भाड्याने घ्या (आपल्या मुंबईतच २०११ ला सुरू झालेली कंपनी आहे ही).

खरा फोन हातात आला की आधी फॉर्म भरून बघा, इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन टॅप केल्या केल्या पेज झूम करतो. उंचीला १००व्हीएच (पूर्ण स्क्रीनची उंची) दिलेलं असेल तर खालचं बटण ॲड्रेस बारमागे जातं, तिथे डीव्हीएच (बार दिसतो-लपतो तशी बदलणारी उंची) वापरा, पण ते सफारी १५.४ पासूनच चालतं म्हणून वर व्हीएचची ओळ फॉलबॅक म्हणून ठेवा.

साइट मराठी असेल तर अजून एक भानगड, आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे कोणी सांगत नाही. वेबफॉन्ट दिला नाहीत तर विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर असे वेगवेगळे फॉन्ट येतात आणि प्रत्येकाची रुंदी वेगळी, त्यामुळे 'अर्ज सादर करा' तुमच्याकडे एका ओळीत बसतं आणि त्याच्याकडे 'करा' खाली पडतं. लाइन-हाइट कमी आणि ओव्हरफ्लो हिडन असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. आणि डिझायनरने हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं असेल तर काढून टाका, शिरोरेषेचे तुकडे पडतात.

आणि पुढच्या कोटेशनमध्ये कुठल्या व्हर्जनपर्यंत सपोर्ट देणार ते आधीच लिहून टाका. आयफोन ७ हवा तर त्याचे तास धरा. इंटरनेट एक्सप्लोरर ११ मायक्रोसॉफ्टनेच जून २०२२ मध्ये बंद केला, तोही कोणी मागितलाच तर सरळ वेगळे पैसे सांगा.