जुनं थ्रीडीएक्स: आधी जामीनकीचं विचारा, पंपाचं नंतर बघू

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकतोय असं वाटलं. २०१२ चं थ्रीडीएक्स, म्हणजे जेसीबीचं खोदाईचं मशीन, जुनं घेतलंय, विकणारा मालक म्हणतो हप्ते कधीच फिटले, आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) मात्र फायनान्सचं नाव तसंच, ब्रँचवाले "होईल, होईल" करतायत, आणि वर मशीन दोन तास चाललं की बकेट उचलायला नको म्हणतंय, मेकॅनिक हायड्रॉलिक पंप बदला म्हणतोय. सगळं सेम. फक्त आमचं मशीन किर्लोस्कर इंजिनवालं होतं, तुमचं कुठलं ते लिहिलं नाहीये.

नाव बदलायचे आणि फायनान्सचं नाव उतरवायचे फॉर्म २९, ३०, ३५, चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा वगैरे सांगत बसत नाही, आरटीओबाहेरच्या टपरीवर पण ते कळतं. जे कोणी सांगत नाही ते सांगतो.

तुमच्या मालकाला आजच्या आज एकच विचारा, की बाबा त्याच फायनान्समध्ये तू दुसऱ्या कोणाला जामीन आहेस का? मेहुण्याचा ट्रॅक्टर, भावाचा टिपर, गावातल्या मित्राचं काहीही. आमच्या केसमध्ये मशीनचं कर्ज खरंच निल होतं, स्टेटमेंट हातात होतं, तरी फायनान्सचा ना-हरकत दाखला, म्हणजे एनओसी, निघेना. कारण मालक एका नातेवाइकाच्या टिपरला जामीन होता आणि त्या टिपरचे हप्ते थकलेले. बऱ्याच फायनान्सच्या करारात बारीक अक्षरात ते असतंच, की एका खात्याची थकबाकी असेल तर दुसऱ्या खात्याची कागदपत्रं अडवू शकतो. चूक की बरोबर ते वकील सांगेल, मी वकील नाही.

पण राग त्याचा नाहीये. राग याचा आहे की हे ब्रँचमधल्या पोरांना पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर दिसत होतं आणि कोणी तोंड उघडलं नाही. गेलं की "हेड ऑफिसला मेल टाकलाय", पुढच्या खेपेला "सिस्टीम डाउन आहे", मग जुना साहेब बदलून गेला, नवा म्हणे तुम्ही कर्जदार नाही, तुमच्याशी बोलता येत नाही. मालकाला घेऊन गेलो तर म्हणे आज साहेब फील्डवर आहेत. या सगळ्यात आमचा उन्हाळा गेला. आमच्याकडे शेततळी, विहिरीचा गाळ, रान लेव्हल करायची सगळी कामं संक्रांतीनंतर ते पहिल्या पावसापर्यंत, आणि मोठा कॉन्ट्रॅक्टर आरसी तुमच्या नावावर असल्याशिवाय वर्कऑर्डर देत नाही. मशीन दारात उभं आणि आम्ही तासावर गावातलीच फुटकळ कामं करतोय. शेवटी तिथल्या शिपायाने चहा पिताना सांगितलं, जामीनकीमुळे लॉक आहे म्हणून. साहेबापेक्षा शिपाई बरा.

तर आता करायचं काय. तोंडी काही बोलू नका. मालकाच्या सहीचा अर्ज, दोन प्रती, एकीवर ब्रँचचा आवक शिक्का आणि तारीख. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर रजिस्टर एडीने पाठवा आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या मेलवर पण. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्यांची एकात्मिक लोकपाल योजना आहे, फी नाही. सगळ्याच छोट्या फायनान्स त्यात येत नाहीत, आधी बघून घ्या. तक्रार कर्जदाराच्या म्हणजे तुमच्या मालकाच्या नावाने जाणार हे लक्षात ठेवा.

आणि तो व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज, की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद दिले नाहीत तर दिवसाला ५००० रुपये मिळतात, त्याच्या नादी लागू नका. तो आदेश खरा आहे, २०२३ चा, पण माझ्या समजुतीप्रमाणे तो पर्सनल लोनसाठी आहे, धंद्याच्या मशीनला नाही. ब्रँचमध्ये तो मेसेज दाखवलात की ते हसतात.

मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघात झाला तर नुकसानभरपाईला कोर्ट त्यालाच धरतं, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केली म्हणून तो सुटत नाही. हे ऐकल्यावर आमचा मालक स्वतःहून त्या टिपरवाल्या नातेवाइकाच्या मागे लागला. विम्याचं पण बघा, तुम्ही मशीन घेतल्यावर १४ दिवसांत विमा नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो, नाहीतर थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, चालेल पण तुमच्या मशीनच्या नुकसानीचं कंपनी हात वर करेल. आणि एनओसी मिळालीच तर कपाटात ठेवू नका, त्यावर मुदत असते, बहुतेक तीन महिने, संपली की परत तीच वारी. पूर्ण पैसे दिले नसतील तर माझं स्पष्ट मत, आरसीवरचं फायनान्सचं नाव (एचपी) उतरेपर्यंत मोठी रक्कम हातात ठेवा, संबंध बिघडले तर बिघडले.

आता पंपाचं. थंड असताना ताकद आहे आणि तापल्यावर जातेय म्हणजे पंप झिजलेला असू शकतो, नाही म्हणत नाही, पण त्याआधी स्वस्तातलं बघा. रेडिएटरजवळच्या ऑइल कूलरच्या जाळीत हात घालून बघा, ग्रीस आणि मातीचा लगदा बसलेला असतो, वरून स्वच्छ दिसतो आणि मधल्या फटी बंद. हवा उलट्या बाजूने, हळू प्रेशरने मारा, नाहीतर फिन, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, वाकतात. मग टाकीतला सक्शन स्ट्रेनर, म्हणजे पंपाकडे जाणारं ऑइल गाळणारी जाळी, काढा. ऑइलला फेस येत असेल तर सक्शन होजची (टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीची) क्लिप हवा ओढतेय, शंभर-दोनशेचं काम. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, मागच्या मालकाने बॅरलमधलं कुठलंही ओतलेलं असतं. एवढं करून फरक नाही पडला तर गेज लावून तापलेल्या मशीनवर प्रेशर मोजायला लावा. जो मेकॅनिक गेज न लावता रिलीफ वॉल्वचा (जादा प्रेशर सोडणाऱ्या वॉल्वचा) स्क्रू आवळतो त्याला चहा पाजून घरी पाठवा, पंप नसेल गेला तर तो घालवेल.

होजमधून बारीक फवारा दिसला तर बोट लावायचं नाही, पुठ्ठा धरा. प्रेशरचं ऑइल कातडीत घुसतं, टोचल्यासारखं वाटतं आणि बोट कापायची वेळ येते. हे ऑपरेटरला पण सांगा, ती पोरं ऐकत नाहीत.

जाता जाता, बकेट जमिनीवर टेकवून बूम थोडा डावीउजवीकडे हलवा आणि दुसऱ्याला किंगपोस्टच्या, म्हणजे बूम ज्यावर डावीउजवीकडे फिरतो त्या खांबाच्या, पिनांकडे बघायला सांगा. आधी पिन हलली आणि मग बूम हलला तर पिनांभोवतीचे बुश गेलेत, मशीन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर काहीही सांगू दे. ते मीटर बदलता येतं, ब्रेक पेडलचं झिजलेलं रबर मात्र सहसा कोणी बदलत नाही.

इंजिन कुठलं आणि तापल्यावर गेजवर किती आलं तो आकडा टाका, नुसतं "ताकद नाही" वर कोण काय सांगणार. पंपाचं कोटेशन आलं असेल तर ते पण टाका, आमच्याकडचा भाव सांगतो.