वाचक विचारतात: शौरीतला तारा विझला होता का?

प्रश्न: शौरी (हर्क्युलिस) तारकासमूहातल्या ‘हर्क्युलिस एक्स-1’ या क्ष-किरण जोडताऱ्याची तेजस्विता दर 35 दिवसांनी वरखाली होते, असे वाचले. हे ग्रहण आहे का? आणि 1999 मध्ये त्याचे क्ष-किरण बराच काळ जवळजवळ दिसेनासे झाले, तेव्हा तो विझला होता का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ग्रहण होते, पण ते 35 दिवसांचे नव्हे. या जोडीतला न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, 1.24 सेकंदांत स्वतःभोवती गिरकी घेतो आणि 1.7 दिवसांत जोडीदाराभोवती फिरतो. दर फेरीत जोडीदार त्याला साधारण सहा तास झाकतो, ते ग्रहण. 35 दिवसांचे चक्र वेगळेच आहे. जोडीदाराकडून ओढलेला वायू न्यूट्रॉन ताऱ्याभोवती तबकडी करून फिरतो, आणि ही तबकडी सपाट नाही. उन्हात राहून वाकलेल्या ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखी आहे. ती हळूहळू डुलते. तिची कड आड आली की आपल्याला क्ष-किरण मिळत नाहीत, बाजूला झाली की मिळतात. एका चक्रात दहाएक दिवस चांगला उजेड, पुढे एक छोटी, फिकी उसळी.

आता 1999. क्ष-किरण मंदावले ते वर्षाहून अधिक काळ. 1983-84 मध्येही असेच झाले होते. पण ‘विझला’ म्हणण्याची घाई नको. जोडीदाराची न्यूट्रॉन ताऱ्याकडची बाजू क्ष-किरणांनी तापते, म्हणून साध्या प्रकाशात ही जोडी 1.7 दिवसांत साधारण तेराव्या ते पंधराव्या प्रतीपर्यंत हेलकावते (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा, तितका तारा फिका). हा सहापट फरक त्या मंद काळातही चालूच होता. म्हणजे भट्टी पेटलेलीच होती, आपल्याच बाजूला आडोसा होता. क्ष-किरण उपग्रहांच्या आलेखांवर विसंबणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, साध्या दुर्बिणीलाही साक्षीला बोलवा!

खरी विश्रांतीही या ताऱ्याने घेतली आहे. 1970 च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्यावरून सुटलेल्या ‘उहुरू’ या क्ष-किरण उपग्रहाने त्याचे क्ष-किरण हेरले. पुढे हार्वर्ड वेधशाळेच्या आकाशाच्या फोटोंच्या जुन्या काचेच्या प्लेट तपासल्या, तर 1950 च्या आसपासची काही वर्षे तो मोठा हेलकावा जवळजवळ गायब. तापवणाराच थंडावला होता. कोणी कधी तरी वेगळ्याच कामासाठी काढलेल्या त्या प्लेट जपल्या नसत्या, तर हे कळलेच नसते.

तुमच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि बरा कॅमेरा असेल, तर पावसाआधी, मे महिन्यात, हीच जोडी एच. झेड. हर्क्युलिस या नावाने ताऱ्यांच्या नकाशात शोधा. ओळीने पाच-सहा रात्री फोटो घ्या आणि शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी तुलना करा. एकच वेळ पाळलीत तरी चालेल, कारण रोज कक्षेतला वेगळा टप्पा सापडतो. पडताळा हवा असेल तर 17 दिवसांनी पुन्हा त्याच वेळी बघा. तेवढ्यात जवळजवळ बरोबर दहा फेऱ्या होतात.