शिकागोहून परत येताय, मुंबईत सेफ एरियासाठी किती भाडं धरावं?

तुम्ही विचारलंय की नऊ वर्षं अमेरिकेत काढून आता मुंबईला परत येताय, मुलगी तेरा वर्षांची आहे, आणि शिकागोत जसं भाडं वाढवलं की सेफ एरिया मिळतो तसं मुंबईत किती बजेट धरलं की निर्धास्त राहता येईल. मी मूळची लालबागची, लग्नानंतर मुलुंड, आणि मधली तीन वर्षं नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला होते, म्हणून लिहितेय.

तुमचं गणित तिकडे बरोबर आहे पण इकडे तसं लागू पडत नाही.

आम्ही नेपरव्हिलला घर शोधायला लागलो तेव्हा तिथल्या आपल्या लोकांनी पहिल्यांदा काय सांगितलं तर शाळेचं रेटिंग बघा, घर नंतर बघा. मला कळेचना शाळेचा आणि चोऱ्यामाऱ्यांचा काय संबंध. मग हळूहळू समजलं की तिथे शाळेचा बराच पैसा त्याच भागातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, म्हणजे घरं महाग तर शाळा चांगली, शाळा चांगली म्हणून घरं अजून महाग, आणि ज्याला परवडत नाही तो आपोआप बाहेर. त्यात १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवलेल्या, तिथे घरासाठी कर्ज मिळणं मुश्कील, त्याचे परिणाम शिकागोच्या साउथ आणि वेस्ट साइडची माणसं अजून भोगतायत. २०२१ मध्ये शिकागोत ८०० च्या आसपास खून झाले, वस्ती २७ लाखांची, आणि त्यातले बरेचसे ठरावीक वस्त्यांमध्येच. म्हणून तिथे पिनकोड विचारला की माणूस किती सेफ राहतो ते कळतं.

आता आमचं लालबाग बघा. आमची खोली पागडीची, भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडं वर्षानुवर्षं जिथल्या तिथे, महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर झाला, तिथला फ्लॅट कोटींमध्ये. पण पोलीस स्टेशन तेच, गल्ली तीच, रात्री साडेअकराला उघडा असणारा पानवालाही तोच. टॉवरवाल्याने एवढे पैसे मोजले ते जागेची टंचाई आणि स्टेशन जवळ म्हणून, चोरांपासून लांब म्हणून नाही. मुंबईत २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख लोक होते आणि खून वर्षाला साधारण शे-दीडशे होतात, शिकागोच्या आकड्याशेजारी ठेवून बघा.

एक मात्र, देशादेशांची तुलना करायची तर खुनाच्याच आकड्यांवर करा, बाकीच्यांवर फार विसंबू नका. स्वीडनमध्ये एकाच माणसाने वर्षभर अत्याचार केला तर प्रत्येक वेळ वेगळी मोजतात, आपल्याकडे एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था, त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजते, शिवाय कितीतरी बायका चौकीची पायरीच चढत नाहीत. त्यामुळे इथे छेडछाडीचा आकडा कमी दिसला म्हणून मुलीची आई म्हणून मी निश्चिंत होणार नाही, तुम्हीपण होऊ नका.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. मुंबईतसुद्धा भाडं देऊन सेफ्टी विकतच घेतो आपण, फक्त ती चोरांपासूनची नसते, लोकलच्या गर्दीपासूनची असते. भाडं कमी करत गेलात की तुम्ही बदलापूर, टिटवाळा, विरार असे लांब लांब जाता, तिथे घरं चांगली आहेत, माणसं चांगली आहेत, पण सकाळची फास्ट पकडायला दारात लटकावं लागतं. २०२३ मध्ये मुंबईच्या रेल्वेमार्गांवर अडीच हजारांच्या वर माणसं गेली, कोणी रूळ ओलांडताना, कोणी डब्यातून पडून. वर खुनाचा आकडा दिलाय, त्याच्या कितीतरी पट. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि त्यातली काही गेली. माझा भाऊ बदलापूरला राहतो, त्या सकाळी तो पुढच्या गाडीत होता. आई तेव्हापासून रोज साडेनऊला त्याचा पोचलो म्हणून फोन आल्याशिवाय चहाला हात लावत नाही. हे कुठल्याच क्राइम मॅपवर दिसत नाही आणि मला याचा फार राग येतो, कारण ही माणसं स्वस्त घरासाठी लांब गेली, हौस म्हणून नाही.

म्हणून बजेट असं ठरवा की आधी तुमचं ऑफिस आणि मुलीची शाळा कुठे ते पक्कं करा, मग त्याच लाइनवर, शक्यतो उलट्या गर्दीच्या दिशेने प्रवास होईल असं घर बघा. घर लहान घ्या पण जवळ घ्या. मी वन बीएचकेत चार माणसं राहिलेय, जमतं.

आणि नुसत्या पॉश नावाला भुलू नका. २०१३ ला शक्ती मिलमध्ये त्या फोटो जर्नलिस्ट मुलीवर सामूहिक बलात्कार झाला ते महालक्ष्मीला, आजूबाजूला कोट्यवधींची घरं. जागा ओसाड होती, बंद पडलेली गिरणी, हाक ऐकायला कोणी नाही. मुंबईत मुलीला सांभाळते ती वर्दळ. हायवेच्या पलीकडे नवीन टॉवर असतात, जिम, स्विमिंग पूल सगळं, पण गेटपासून बस स्टॉपपर्यंत एक दुकान नाही, तसलं घर मला फुकट दिलं तरी नको.

डिपॉझिट द्यायच्या आधी एकदा रात्री दहाला स्टेशनवरून त्या बिल्डिंगपर्यंत चालत जा, मुलीलाही बरोबर घ्या. मेडिकल उघडं आहे का, रिक्षा स्टँड आहे का, रस्त्यावर बायका दिसतात का ते बघा, आणि घरी आल्यावर तिला विचारा की क्लासवरून एकटी येशील का. ती नाही म्हणाली तर दुसरं घर बघा.