व्हिजिलांटेला 'जागल्या' म्हणावं का?

कॉलेजच्या अंकासाठी 'डेथ विश २' ह्या सिनेमावर लिहिणाऱ्या एका पोरानं विचारलंय की व्हिजिलांटेला, म्हणजे कायदा हातात घेणाऱ्याला, मराठीत 'जागल्या' चालंल का, आणि 'सिक्वेलचं टीकात्मक स्वागत वाईट झालं' हे वाक्य बरोबर आहे का.

भावा, जागल्या तुला सुचला हे मला लई आवडलं, कारण दोन्ही शब्द मुळात एकाच अर्थातनं निघालेत. व्हिजिलांटे हा स्पॅनिश शब्द, अर्थ पहारेकरी, त्याच्या मागं लॅटिनमधला जागं असण्याचा अर्थ, आणि आपला जागल्या तर सरळ जागण्यावरनंच आलाय. पन्हाळ्याकडं माझ्या आजोळी भुईमूग काढणीला आला की डुकरं यायची म्हणून मामा रात्री रानात जागलीला जायचा, बॅटरी घेऊन, आणि काही हाललं की हाळी द्यायचा. त्याचं काम तेवढंच, जागायचं आणि दुसऱ्याला जागं करायचं, शिक्षा देणं त्यात येतच नाही. म्हणून तर पेपरवाल्यांनी जागल्या हा शब्द व्हिसलब्लोअरला, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्याला लावला आणि तो तिथं एकदम फिट बसला, आता त्याला तिथनं हलवू नको.

इंग्रजीत मात्र गडबड झाली. सॅन फ्रान्सिस्कोत १८५१ ला आणि परत १८५६ ला लोकांनी दक्षता कमिट्या काढल्या, खटले त्यांनीच चालवले आणि माणसं फासावर पण त्यांनीच दिली, त्यामुळं अमेरिकन इंग्रजीत पहारेकरी मागं पडला आणि कायदा हातात घेणारा तेवढा उरला. मराठीत 'कायदा हातात घेणारा' हेच अचूक आहे पण दरवेळी लिहायला लांबतं. मला 'परस्पर' हा शब्द जवळचा वाटतो. परस्पर जमीन विकली, परस्पर लग्न ठरवलं असं म्हटलं की ज्याला विचारायला पाहिजे होतं त्याला डावललं हे कुणाला सांगावं लागत नाही. तसा हा परस्पर न्याय, पोलीस आणि कोर्ट डावलून केलेला.

आता तुझ्या सिनेमाला हा शब्द लावायच्या आधी एक बघ. पहिल्या 'डेथ विश' मध्ये (१९७४, दिग्दर्शक मायकेल विनर) चार्ल्स ब्रॉन्सनच्या पॉल कर्सीला बायकोला मारणारी पोरं शेवटपर्यंत सापडतच नाहीत, तो न्यूयॉर्कमधल्या अनोळखी लुटारूंना गोळ्या घालत फिरतो, तिथं परस्पर न्याय म्हणता येतं. १९८२ च्या दुसऱ्या भागात गोष्ट लॉस एंजेलिसला जाते, आणि तिथं तो मुलीवर आणि घरातल्या कामवाल्या बाईवर अत्याचार करणाऱ्या त्याच पाच जणांना हुडकून हुडकून मारतो. ह्याला मराठीत सूड म्हणतात, दुसरा शब्दच नको! शब्द बदलला की परीक्षणाचा मुद्दापण आपोआप हातात येतो. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टनी पहिल्याला चारपैकी तीन स्टार दिलेले आणि दुसऱ्याला एकसुद्धा नाही. बलात्काराचे सीन लांबवून दाखवलेत ही तक्रार तर अनेकांची होती, ब्रिटनमध्ये सेन्सॉरनं कात्री पण लावली, आणि मला स्वतःला ती तक्रार शंभर टक्के पटते. मूळ कादंबरी लिहिणारे ब्रायन गारफिल्ड पहिल्याच सिनेमावर नाराज होते, माणूस असा बंदूक घेऊन निघाला की त्याचं काय होतं ते त्यांना दाखवायचं होतं, त्याचं कौतुक करायचं नव्हतं.

राहिलं ते 'टीकात्मक स्वागत', ते काढून टाक. स्वागत आपण हार घालून करतो, ते वाईट कसं होईल. आपल्याकडं समीक्षक सिनेमा उचलून धरतात नाहीतर झोडपतात, कोल्हापुरात तर धुऊन काढतात. अंकात एवढं लिही, "पहिल्या भागातला परस्पर न्याय दुसऱ्यात नुसता सूड झाला आणि समीक्षकांनी सिनेमा झोडपला." आणि सिक्वेलला 'उत्तरार्ध' नको, उत्तरार्ध म्हणजे एकाच गोष्टीचा मागचा अर्धा, हा दुसरा भाग आहे.