नाटकातली अभिनेत्री पुढे चित्रपट दिग्दर्शक झाली, असं मराठीत कुणी आहे का? नाटकाची सवय तिथे आड येते का?

आहे, आणि माझं उत्तर एकाच नावाभोवती फिरणार आहे: विजया मेहता. तुम्ही स्वतः रंगभूमीवर काम करता आणि कॅमेऱ्यामागे जायचा विचार मनात आहे, असं प्रश्नात लिहिलंय. म्हणून पुरस्कारांची जंत्री देण्यापेक्षा हा प्रवास नेमका कुठून कुठे झाला ते सांगते. मी हौशी मंडळींबरोबर नाटकं बसवते, त्यामुळे माझी नजर साहजिकच तालमीकडे जास्त जाते.

आधी एक सांगायला हवं. सई परांजपे यांचं नाव अशा वेळी हमखास निघतं आणि त्या थोर आहेतच, पण त्यांची वाट वेगळी. आकाशवाणी, लेखन, बालनाट्य, दूरदर्शन असं करत त्या चित्रपटापर्यंत आल्या. ज्यांना लोक आधी रंगमंचावरच्या अभिनेत्री म्हणून ओळखत होते आणि पुढे ज्यांनी चित्रपट केले, त्यात विजयाबाई आणि सुलभा देशपांडे ही दोन नावं मला महत्त्वाची वाटतात. दोघीही 'रंगायन' या प्रायोगिक नाट्यसंस्थेतल्या. सुलभाताईंनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे अजरामर केली आणि 1978 मध्ये 'राजा रानी को चाहिए पसीना' हा मुलांचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. मुलांसाठी केलेलं काम आपल्याकडे मोजदादीत धरतच नाहीत.

आता बाईंकडे वळते. (नाटकवाले त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.)

जन्म 1934 चा, बडोद्याचा. माहेरचं आडनाव जयवंत. मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान या दोघांकडे त्या शिकल्या. अल्काझी म्हणजे कडक शिस्तीचं, जगभरातल्या नाटकांचं शिक्षण. मर्झबान पारशी रंगभूमीवरचे, लोकांना मनापासून हसवणारे. दोन गुरू इतके वेगळे मिळणं हे भाग्य आहे. विजय तेंडुलकरांचं 'श्रीमंत' बसवलं तेव्हा बाई विशीच्या आसपास होत्या. 1960 मध्ये 'रंगायन' सुरू झालं. तेंडुलकर, अरविंद देशपांडे ही मंडळी बरोबर होती. तिथे फ्रेंच नाटककार आयनेस्कोचं 'खुर्च्या' झालं, खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' झालं. पुढे मतभेद झाले, 1971 मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे या पतिपत्नींनी 'आविष्कार' ही वेगळी संस्था काढली आणि 'रंगायन' थांबलं. त्या फुटीवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. तुमच्या प्रश्नासाठी तिची गरज नाही.

गरज आहे ती त्यानंतरच्या बारा-चौदा वर्षांची. प्रायोगिक रंगभूमीवरून बाई व्यावसायिक रंगभूमीवर आल्या आणि एकामागून एक नाटकं उभी राहिली: 'संध्याछाया', 'बॅरिस्टर', 'हमीदाबाईची कोठी', 'महासागर', 'पुरुष', 'वाडा चिरेबंदी'. यातल्या कित्येक नाटकांत त्या भूमिकाही करत होत्या. 'संध्याछाया'मधली एकाकी म्हातारी नानी त्यांनी केली तेव्हा त्या चाळिशीच्याही अलीकडे होत्या. नीना कुळकर्णी, नाना पाटेकर, सुहास जोशी, विक्रम गोखले, भारती आचरेकर, रीमा लागू अशा किती नटांना त्यांच्या तालमीत धार आली ते बघा. 1975 चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तोही दिग्दर्शनासाठी.

माझं म्हणणं इथेच आहे. अभिनेत्रीपासून चित्रपटापर्यंत सरळ रस्ता जात नाही, मध्ये तालीममास्तराचं घर लागतं. बाई त्या घरात पंचवीस-तीस वर्षं राहिल्या. सासूबाई दुर्गा खोटे होत्या (बाईंचं पहिलं लग्न हरिन खोटे यांच्याशी झालं होतं). म्हणजे 1932 च्या 'अयोध्येचा राजा'ची नायिका घरात होती. चित्रपटसृष्टीचं दार इतकं जवळ असूनही त्यांनी त्यात पाऊल टाकायची घाई केली नाही. नट कसा उभा राहतो, वाक्याच्या आधी श्वास कुठे घेतो, खोटं कधी बोलायला लागतो, हे आधी पुरतं शिकून घेतलं.

कॅमेऱ्याची ओळख झाली तीही अभिनेत्री म्हणूनच. श्याम बेनेगल यांच्या 'कलयुग'मध्ये (1981) त्या होत्या. गोविंद निहलानी यांच्या 'पार्टी'त (1984) तर त्या दमयंती राणे, जिच्या घरी सगळी पार्टी घडते ती यजमानीणबाई. जमल्यास तो चित्रपट जरूर बघा. त्या गर्दीत त्या कितीदा नुसत्या ऐकत उभ्या असतात आणि तरी नजर त्यांच्याकडेच जाते, ते एखाद्या नटाच्या नजरेनं न्याहाळा. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यात हयात घातलेली बाई इथे अगदी खालच्या पट्टीत बोलते.

दिग्दर्शक म्हणून सुरुवात 'स्मृतिचित्रे'पासून, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, दूरचित्रवाणीसाठी केलेलं, लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत सुहास जोशी. निवड बघा. पहिल्याच कामाला त्यांनी असा मजकूर घेतला ज्यात बोलणारी बाई आधीच जिवंत आहे, तिच्या तोंडची मराठी खणखणीत आहे आणि घटना भरपूर आहेत. प्रमुख भूमिकेत आपल्याच तालमीतली, ओळखीची नटी.

मग 'रावसाहेब' (1986). तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबते.

जयवंत दळवींची कादंबरी 'अंधाराच्या पारंब्या'. तिच्यावर दळवींनीच लिहिलेलं नाटक 'बॅरिस्टर'. ते 1977 मध्ये बाईंनी बसवलं आणि त्यात मावशीची भूमिकाही केली. बॅरिस्टर विक्रम गोखले. त्याच नाटकावरून हिंदी चित्रपट 'रावसाहेब'. त्यात रावसाहेब अनुपम खेर, तरुण विधवा तन्वी आझमी, आणि मावशी पुन्हा बाईच. विलायतेहून शिकून आलेला, सुधारणेची भाषा बोलणारा माणूस, त्याचा जुना वाडा, वाड्यात केशवपन झालेली मावशी आणि तेच भोग जिच्या वाट्याला येऊ घातलेत अशी तरुण मुलगी. वेळ येते तेव्हा त्या माणसाची हिंमत होत नाही.

मावशी हे मराठी रंगभूमीवरचं मला सर्वात आवडणारं पात्र आहे. जिचं आयुष्य रूढीनं खाल्लं तीच दुसऱ्या मुलीचं आयुष्य वाचावं म्हणून धडपडते, आणि शिकलेला सुधारक मागे सरतो. बाईंनी ही मावशी प्रयोगांमधून अंगात मुरवली होती. म्हणून कॅमेऱ्यासमोर ती करताना त्यांना काही दाखवावं लागलं नाही. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या चित्रपटाची जबाबदारी आपल्या खांद्यावर आहे त्यातच अशी भूमिका करणं काय असतं, ते एकाच वेळी बसवणारे आणि करणारे जाणतील.

नाटक आड येतं का, याचं उत्तर मला 'रावसाहेब'मध्ये दिसतं. काही ठिकाणी येतं. काही प्रसंगांत संवाद अजून रंगमंचाच्या मापाचे वाटतात. मराठी मनात घडलेली वाक्यं हिंदीत आल्यावर त्यांची चव थोडी उतरते, हे मी बाईंबद्दलच्या पूर्ण आदरानं म्हणते. पण मिळतं ते त्याहून कितीतरी मोठं आहे. रंगमंचावर प्रेक्षक वाड्याकडे एकाच बाजूनं बघतो. मावशी आत गेली की ती विंगेत गेली. चित्रपटात 'आत' ही खरी जागा होते. अंधारी खोली, माजघर, जिना, सगळं कथेत येतं, आणि बायका तिथेच तर जगत होत्या. दुसरं असं की लांब प्रसंग तोडायची बाईंना घाई नसते. दोन नटांमध्ये काही घडतंय तोवर त्या घडू देतात. ही हिंमत ज्याला नटावर भरवसा असतो त्यालाच होते, आणि तो भरवसा तालमीत कमावलेला असतो.

'पेस्तनजी' (1988) त्याहून हलक्या हातानं केलेला आहे आणि मला तो चित्रपट म्हणून अधिक सुटा वाटतो. बी. के. करंजिया यांची कथा, एनएफडीसीची (सरकारी चित्रपट विकास महामंडळाची) निर्मिती. मुंबईतले दोन पारशी मित्र, नसीरुद्दीन शाह आणि अनुपम खेर. एकाला आवडलेल्या मुलीशी दुसऱ्याचं लग्न होतं. ती शबाना आझमी. पुढे त्या लग्नात काय होत गेलं ते पहिला मित्र बघतो आणि त्याला कळत नाही. 'पेस्तनजी'ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पारशी माणूस हिंदी पडद्यावर बहुधा नुसता विनोदाला आणतात. इथे तो माणूस म्हणून येतो. फरोख मेहता यांच्याशी लग्न झाल्यावर बाईंचं घरच पारशी होतं, आणि त्याआधी मर्झबान यांच्याकडे त्या घडल्या होत्या. त्या जगाची बोली आणि विनोद त्यांच्या कानात होता.

'हमीदाबाईची कोठी' आणि 'वाडा चिरेबंदी' यांनाही त्यांनी हिंदीत दूरचित्रवाणीवर नेलं ('वाडा'चं नाव तिथे 'हवेली बुलंद थी' झालं). नंतर 1991 मध्ये रुग्णालयावरची 'लाइफलाइन' ही मालिका केली.

आणि मग चित्रपट थांबले. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं अध्यक्षपद, 1993 पासून मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राची जबाबदारी, कार्यशाळा, नव्या नटांना शिकवणं. ऐंशीच्या दशकात एनएफडीसी आणि दूरदर्शनमुळे अशा शांत चित्रपटांना जी जागा होती तीही पुढे आकसत गेली. मोठ्या पडद्यासाठी त्यांनी आणखी पाच-सहा चित्रपट केले असते तर मराठी-हिंदी चित्रपटात नट कसे वापरले जातात यात फरक पडला असता, असं मला ठामपणे वाटतं. पण त्यांना 'थोडे चित्रपट केलेली नाटकवाली' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जर्मनीत जर्मन नटांना घेऊन संस्कृत नाटकं बसवणारी ही बाई. माध्यम आणि भाषा बदलणं तिच्यासाठी कामाचाच भाग होता.

आता तुमच्यासाठी. कॅमेरा, भिंगं, संकलन हे शिकावं लागेलच आणि ते शिकता येतं, त्याची धास्ती नको. पहिली गोष्ट निवडताना मात्र बाईंचा मार्ग धरा. जी तुम्ही रंगमंचावर जगला आहात, जिच्यातलं एखादं पात्र तुमच्या अंगात मुरलंय, तीच घ्या. चित्रीकरणाआधी तालमीसाठी दिवस मागून घ्या. निर्माता म्हणेल वेळ नाही, तरी मागा. मोठ्या नावांऐवजी तुमच्या तालमीतले नट घ्यायची मुभा मिळाली तर ती सोडू नका. आणि स्वतः भूमिका करायची असेल तर मावशीसारखी करा, म्हणजे ज्यात दिवसभर कॅमेऱ्यासमोर राहावं लागणार नाही अशी.

सुरुवात म्हणून आधी 'बॅरिस्टर'ची संहिता वाचा, लगेच 'रावसाहेब' बघा आणि मावशीचे प्रसंग एकेक करून ताडून पाहा: काय गाळलं, काय वाढवलं, कुठे वाक्याच्या जागी नुसता चेहरा ठेवला. त्यानंतर बाईंचं आत्मचरित्र 'झिम्मा' (2012) वाचा. तुमची संहिता कुठवर आली आहे ते लिहिलंत, तर त्यातल्या तालमीच्या बाजूबद्दल मी जरूर बोलेन.