आईचं कीर्तन आणि ती बारकी लाल पट्टी

प्रश्न: आई लॅपटॉपवर क्रोममध्ये यूट्यूबवर कीर्तनं ऐकते. पण माऊसने त्या बारक्या लाल पट्टीवर नेमकं क्लिक करणं काही जमत नाही, जरा मागे जायला बघते आणि पार पूर्वरंगात जाऊन पोचते! शिवाय दुसऱ्या काही साइटवर व्हिडिओ चालू, आवाज मात्र गायब. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अहो, माऊस ठेवा बाजूला. कीबोर्डवर इंग्रजी जे, के, एल शेजारी शेजारीच आहेत बघा, के दाबलं की थांबतं किंवा सुरू होतं, जे म्हणजे १० सेकंद मागे, एल म्हणजे १० सेकंद पुढे, आणि जे वर बारीक उंचवटा असतो तो बोटाला लागतो त्यामुळे चष्मा नसला तरी चालतं. फक्त कर्सर वर सर्चच्या चौकटीत नको, नाहीतर तिथे जे जे जे टाइप होत बसेल. बटणं मोठी हवीत तर कंट्रोल धरून प्लस दाबा, क्रोम त्या साइटपुरतं ते लक्षात ठेवतो.

आवाजाचं म्हणाल तर लॅपटॉप बिघडलेला नाहीये. २०१८ पासून क्रोम आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंचा आवाज बऱ्याचदा अडवतो (बरंच करतो, मध्येच जाहिरात केकाटायची ते कमी झालं), म्हणून साइटवाले तो मुक्यानेच सुरू करतात. व्हिडिओवरच्या स्पीकरच्या चित्रावर एकदा क्लिक करा. तरी नाही आला तर वर टॅबवर काट मारलेला स्पीकर दिसतोय का बघा, असला तर राइट क्लिक करून अनम्यूट करायचं.