गेमच्या जुन्या कॅबिनेटमध्ये आवाज येतो, पण पडद्यावर मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ दिसते. मेकॅनिक म्हणतो पिक्चर ट्यूब गेली. कोणता एलसीडी बसवू?

ट्यूब गेलेली नाही. त्या मेकॅनिकला पुन्हा कॅबिनेटला हात लावू देऊ नका.

रेघ दिसते आहे ना? म्हणजे फिलामेंट (ट्यूबमधली तापणारी तार) पेटतंय, ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) चालू आहे, बीम म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यापर्यंत पोचतोय आणि डावी-उजवीकडे पळतोयसुद्धा. फक्त वर-खाली जात नाही. मेलेली ट्यूब रेघ कुठून काढणार? आणि गेमचा आवाज येतोय, म्हणजे गेमबोर्ड आणि त्याचा 5 व्होल्टचा सप्लाय ठीक आहे, तिकडे उगाच उचकापाचक नको. आधी उठा आणि ब्राइटनेस खाली आणा, नाहीतर कॅबिनेट बंदच ठेवा. का, ते सांगतो.

1996 चा मे महिना. सोलापुरात आमच्या दादाचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, तीन कॅबिनेट, रुपयाला एक गेम. त्यातल्या मुस्तफाच्या कॅबिनेटवर दुकानाचं भाडं निघायचं. (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा 1993 चा गेम. पण ते नाव घेऊन कुणी आत आल्याचं मला आठवत नाही.) ऐन सुट्टीत नेमकी त्यावरच अशी रेघ आली. दादा म्हणाला, चालू राहू दे, गरम झालं की येईल चित्र. दोन दिवस रेघ तशीच जळत ठेवली. मग मेकॅनिक आला, पाच मिनिटं मागून डोकावला आणि म्हणाला, ट्यूब गेली.

मी तेव्हा आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड करत होतो. वर लिहिलं तेच दादाला सांगितलं. "तुझं आयटीआय परीक्षेपुरतं ठेव," दादा म्हणाला. अडीच हजार मोजले, ट्यूब आली, बसली, सुरू केली. नव्या ट्यूबवर तीच रेघ! मेकॅनिक म्हणाला, किटमध्ये (ट्यूब चालवणाऱ्या सर्किट बोर्डात) पण बारीक प्रॉब्लेम दिसतोय, उद्या येतो. आणि जुनी ट्यूब "भंगारात टाकतो" म्हणून सायकलवर बांधून घेऊन गेला.

त्या रात्री शटर ओढून मी किट बाहेर काढलं. व्हर्टिकल आयसी, म्हणजे बीमला वर-खाली फिरवणारी चिप, हीटसिंकवर स्क्रूने कसलेला असतो, रोज तापतो, रोज थंड होतो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच्या पायांभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. भिंगातून बघितलं तर तीन पायांना अशी चीर होती. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं. वीस मिनिटांचं काम. लावल्या लावल्या चित्र आलं. सकाळी दादाला सांगितलं तर म्हणतो, "नवी ट्यूब आहे, रात्रभरात सेट झाली." मेकॅनिक सेटिंगचे शंभर रुपये वर घेऊन गेला.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. व्हर्टिकल आयसीचे सगळे पाय आणि योकचा (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचा) प्लग नव्याने सोल्डर करा. तरी रेघच राहिली तर आयसीला सप्लाय मिळतोय का मोजा. बहुतेक किटवर तो 24 व्होल्टच्या आसपास असतो, ईएचटीच्याच एका वाइंडिंगवरून येतो आणि वाटेत एक छोटा फ्यूजिबल रेझिस्टर (जास्त करंट आला की फ्यूजसारखा उडणारा) असतो. तो उडाला असेल तर नुसता बदलू नका, आयसी शॉर्ट आहे का बघा, नाहीतर नवाही लगेच जाईल. चित्र आलं पण वरच्या बाजूला दुमडल्यासारखं दिसलं तर आयसीजवळचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत, सरसकट बदला. आयसी पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. दोन घ्या, डुप्लिकेट माल फार आहे.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: ट्यूबच्या वरच्या रबरी टोपीखाली वीसेक हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरमधले तीनशे व्होल्ट बराच वेळ टिकतात. दोन्ही डिस्चार्ज करता येत नसतील तर किटला हात लावू नका. कॅबिनेटमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (किटला मेन लाइनपासून वेगळं ठेवणारा) असेल तर तो बायपास करून किट चालवू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लावताना सिरीजमध्ये 100 वॉटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब ठेवा.

एलसीडीचं म्हणाल तर माझ्याकडून नाव मिळणार नाही. त्या काळच्या गेमबोर्डाचा सिग्नल 15 किलोहर्ट्झचा, साधे कॉम्प्युटर मॉनिटर 31 च्या खाली घेत नाहीत. मग कन्व्हर्टर आला, आणि उडी मारायचं बटण दाबल्यावर उडी उशिरा. ट्यूबची मानच फुटली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बसवा बापडे.

आता ब्राइटनेसचं. पुढच्या जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेत एका गेमवाल्याच्या तंबूत शिरलो. एका कॅबिनेटवर चित्र झकास, पण पडद्याच्या बरोबर मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी रेघ भाजलेली. आमचीच ट्यूब. एक रुपया टाकून खेळलो आणि थेट जाऊन दादाला हात धरून घेऊन आलो. त्याने नीट वाकून बघितलं. म्हणाला, "रेघ काय, कुठल्याही ट्यूबला पडते." गेल्या दिवाळीत विषय निघाला तेव्हाही हेच म्हणाला.